टनेलमधला चार बाइटचा खड्डा: १३८० चा पिंग जातो, १३८१ चा जात नाही

खटपट्या

मंडळी, एक कोडं टाकतोय.

लिनक्सचं एक यंत्र राउटर म्हणून चालतं. बाहेर जायला पीपीपीओई (इंटरनेट पुरवणाऱ्याशी जोडणारी पद्धत), म्हणजे बाहेरच्या इंटरफेसचा एमटीयू, एका पॅकेटचं कमाल माप, १४९२ बाइट. त्यावरून दूरच्या एका सर्व्हरपर्यंत वायरगार्डचं टनेल, म्हणजे आतलं पॅकेट कूटबद्ध करून दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारी वाट. लॅनमधल्या मशीनची ठराविक ट्रॅफिक राउटर या टनेलमध्ये ढकलतो. राउटरकडच्या टनेल इंटरफेसचा एमटीयू १४१२ आहे. हा आकडा मी दिलेला नाही, टनेल वर आणणाऱ्या स्क्रिप्टने तो स्वतःच ठरवला. सर्व्हर दुसऱ्या टीमकडे आहे.

लक्षणं ओळखीची वाटतील. एसएसएच लॉगिन होतं, दोन-चार ओळींच्या कमांड छान चालतात, मोठी लॉग फाइल उघडली की टर्मिनल गोठतं. वेबपानाचं कनेक्शन जुळतं, मग पान नुसतं फिरत बसतं. अपलोड मात्र व्यवस्थित.

एमएसएस क्लॅम्प (टीसीपीने एका वेळी पाठवायच्या डेटाची मर्यादा राउटरने कमी करणं) लावा असं कुणी सांगण्याआधीच सांगतो: तो लावलेला आहे. टनेलमध्ये जाणाऱ्या सिन (कनेक्शन सुरू करणाऱ्या) पॅकेटवर एमएसएस १३७२ दिसतो, म्हणजे १४१२ वजा ४०. बरोबर आहे ना?

आता गंमत. लॅनमधून सर्व्हरच्या टनेलमधल्या पत्त्याला आयपीव्ही४ पिंग, डीएफ ("तुकडे करू नका") बिट लावून:
१३८० बाइट: उत्तर येतं.
१३८१ ते १३८४: काहीच नाही. ना उत्तर, ना एरर.
१३८५: राउटर लगेच म्हणतो, तुकडे करावे लागतील, एमटीयू १४१२.

शेवटची ओळ समजते. १३८५ मध्ये आयसीएमपीचे (पिंग आणि एररचे संदेश याच प्रोटोकॉलने जातात) ८ आणि आयपीचे २० मिळवले की १४१३ होतात. मधले चार आकडे कुठे गेले?

भिंगरी

दोन्हीकडे एमटीयू १२८० करा आणि झोपा. :)

खटपट्या

चालेलही कदाचित. पण चारच बाइटचा खड्डा का, ते कळल्याशिवाय झोप येणार नाही.

तारतम्य

१२८० ने लक्षण जाईल, पण कोडं छान आहे, सोडवूया.

आधी पाया. राउटरकडे एक पॅकेट आलं आणि पुढच्या लिंकवर ते मावत नाही. अशा वेळी तो तीनच गोष्टी करू शकतो. एक, तुकडे करून पुढे पाठवणं. दोन, पॅकेट टाकून देणं आणि पाठवणाऱ्याला कळवणं की माझ्या पुढच्या लिंकचा एमटीयू इतका आहे, त्या मापाने पाठव. तीन, टाकून देणं आणि गप्प बसणं. आयपीव्ही४ मध्ये डीएफ बिट नसेल तर पहिला मार्ग, असेल तर दुसरा. आयपीव्ही६ मध्ये मधल्या राउटरला पहिला मार्गच नाही. तुकडे करायचेच तर पाठवणाऱ्याने करायचे. तिसरा मार्ग कुठल्याच नियमात नाही, पण आपल्या वाट्याला बहुतेक वेळा तोच येतो, कारण दुसऱ्या मार्गातली ती कळवणारी चिठ्ठी वाटेत कुणीतरी फाडतो.

तुमच्या यादीत १३८५ ला दुसरा मार्ग दिसतो. १३८१ ते १३८४ ला तिसरा. म्हणजे तुमचा राउटर नीट वागतोय, खड्डा पलीकडे आहे.

दोन प्रश्न. सर्व्हरकडच्या टनेल इंटरफेसचा एमटीयू किती? आणि टनेलची बाहेरची पॅकेट आयपीव्ही४ वरून जातात की आयपीव्ही६ वरून?

नवशिकी

मध्येच विचारते, रागावू नका. पहिला मार्ग इतका सोपा असताना बाकीची भानगड कशाला? राउटरने तुकडे करावेत, समोरच्याने जोडावेत. डीएफ लावतंच कोण?

जुना_जाणता

रागवायचं काय त्यात, प्रश्न रास्त आहे. १९८१ च्या आरएफसी ७९१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) विचार नेमका हाच होता. प्रत्येक लिंकने किमान ६८ बाइटचं पॅकेट न तोडता पुढे न्यावं, प्रत्येक यजमानाने निदान ५७६ बाइटपर्यंत जोडून घ्यावं, मधल्यांनी गरजेप्रमाणे तोडावं.

व्यवहारात ते महागात पडलं. एक तुकडा हरवला की अख्खं पॅकेट वाया, आणि फक्त तेवढा तुकडा परत मागायची सोय आयपीत नाही. केंट आणि मोगल यांनी १९८७ मध्येच तुकडे करणं घातक आहे अशा अर्थाच्या मथळ्याचा पेपर लिहिला होता. पुढे नॅट (वाटेत पत्ते बदलणारी सोय) आणि फायरवॉल आले आणि आणखी पंचाईत झाली: पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. उरलेल्या तुकड्यांकडे बघून ते कुठल्या कनेक्शनचे हे सांगता येत नाही. लिनक्सवर कनेक्शन ट्रॅकिंग चालू असेल तर राउटर म्हणून चालणारं यंत्रसुद्धा आलेले तुकडे आधी जोडतं, निर्णय घेतं आणि बाहेर सोडताना पुन्हा तोडतं. एवढा उपद्व्याप सगळेच करत नाहीत. कित्येक ठिकाणी तुकडे सरळ टाकून देतात.

त्यातच आयपीव्ही४ मधला ओळख क्रमांक फक्त १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पॅकेटनंतर तोच आकडा पुन्हा. वेगवान लिंकवर हा फेरा इतक्या लवकर पूर्ण होतो की एका पॅकेटचा तुकडा दुसऱ्याला चिकटू शकतो. आरएफसी ४९६३ त्यावरच आहे.

म्हणून १९९० मध्ये आरएफसी ११९१ आला, मोगल आणि डीअरिंग यांचा. कल्पना अशी: प्रत्येक पॅकेटवर डीएफ लावून पाठवायचं, जिथे अडेल तिथला राउटर आयसीएमपी प्रकार ३, कोड ४ चा संदेश परत पाठवेल, त्यात पुढचा एमटीयू लिहिलेला असेल, पाठवणारा त्या मापावर येईल. तुमच्या मशीनवरचं टीसीपी आज बहुतेक हेच करतं. डीएफ लावतं कोण, तर जवळजवळ सगळेच.

शून्य_एक

आणि मग सुरक्षेच्या नावाखाली सगळा आयसीएमपी बंद करणारे येतात.

पहारा

अहो, पण आयसीएमपी खोटा बनवता येतो हेही खरं आहे. कुणी "एमटीयू ६८" अशी बनावट चिठ्ठी पाठवली तर सर्व्हर चिमुकली पॅकेट पाठवत बसेल. आमच्याकडे बंद आहे ते काही उगाच नाही.

तारतम्य

पहारा, धोका खरा आहे, उपाय चुकीचा आहे. त्या संदेशात मूळ पॅकेटच्या हेडरची प्रत असते. तिच्यातला टीसीपी सीक्वेन्स नंबर आपल्या चालू कनेक्शनशी जुळतो का हे तपासता येतं, आणि लिनक्स ते तपासतो. शिवाय ठराविक आकड्याच्या खाली उतरायचंच नाही अशी किमान मर्यादाही ठेवता येते.

फॉरवर्डिंगमध्ये लिनक्स आणखी सावध आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. राउटर म्हणून दुसऱ्याचं पॅकेट पुढे पाठवताना तो मुळात शिकलेल्या पाथ एमटीयूवर विश्वासच ठेवत नाही, इंटरफेसचा किंवा रूटवर हाताने लिहिलेला एमटीयूच बघतो. कारण तुम्ही म्हणता तेच: बनावट चिठ्ठीमुळे राउटरने उगाच तुकडे पाडू नयेत. ती वागणूक बदलायला वेगळी कर्नल सेटिंग आहे, ती मुळात शून्य असते आणि तशीच राहू द्यावी.

आयपीव्ही६ मध्ये तर चिठ्ठी अडवणं म्हणजे पायावर धोंडाच. तिथे प्रकार २, "पॅकेट टू बिग". आरएफसी ४८९० मध्ये तो अडवू नये अशी स्पष्ट शिफारस आहे, २००७ पासून.

पहारा

अडवायचाच नाही? की रेट लिमिट करून सोडला तर चालेल?

तारतम्य

रेट लिमिट चालेल, पण हात सैल ठेवा. राउटर हे संदेश तयार करतानाच मुळात हात आखडता घेतात. त्यात तुम्ही आणखी कापले तर ज्या कनेक्शनला हवाय त्यालाच तो मिळणार नाही.

खटपट्या

उत्तरं मिळाली. सर्व्हरच्या टनेलचा एमटीयू १४२०, कुणी हात लावलेला नाही. आणि बाहेरची पॅकेट सध्या आयपीव्ही६ वरून जातायत! सर्व्हरच्या नावाला अलीकडे आयपीव्ही६ पत्ता जोडला गेला, राउटर आता तोच घेतो. आधी आयपीव्ही४ होतं आणि हा त्रास नव्हता.

निशाचर

सापडलं. गणित मांडतो, कागद-पेन्सिल घ्या.

वायरगार्डचं ओझं: स्वतःचं हेडर १६, शेवटी पडताळणीचा टॅग १६, यूडीपी ८. झाले ४०. वर बाहेरचं आयपी हेडर: आयपीव्ही४ असेल तर २०, आयपीव्ही६ असेल तर ४०. म्हणजे एकूण ६० किंवा ८०. १५०० मधून वाईटात वाईट ८० वजा केले की १४२०, म्हणून कर्नलमधला मूळ आकडा १४२०. तुमच्या स्क्रिप्टने बाहेरच्या इंटरफेसचे १४९२ पाहिले आणि १४१२ काढले. सर्व्हर सरळ इथरनेटवर, त्याला पलीकडच्या पीपीपीओईचा पत्ताच नाही.

आयपीव्ही४ च्या दिवसांत सर्व्हरचं सर्वात मोठं बाहेरचं पॅकेट १४२० + ६० = १४८०. ते १४९२ मध्ये मावत होतं. आता १४२० + ८० = १५००. मावत नाही.

खटपट्या

हे कळलं. पण सर्व्हर १४२० चं आतलं पॅकेट पाठवेलच का? मी १३७२ चा एमएसएस सांगितलाय, म्हणजे त्याच्याकडून १४१२ पेक्षा मोठं येणारच नाही. १४१२ + ८० = १४९२. मावायला हवं. पिंगचंही तेच: १३८४ + २८ = १४१२.

निशाचर

तिथेच खड्डा आहे. वायरगार्ड आतलं पॅकेट कूटबद्ध करण्याआधी त्याची लांबी १६ च्या पटीत वाढवतो, म्हणजे नेमका आकार बाहेरून कळू नये. पण वाढवताना स्वतःच्या इंटरफेसच्या एमटीयूपलीकडे जात नाही.

सर्व्हरकडे तो एमटीयू १४२०. आता तुमचं १४०८ चं पॅकेट घ्या: १६ गुणिले ८८, बरोबर पट, काहीच जोडावं लागत नाही. बाहेर १४८८. जातं. १४०९ घ्या: पुढचा पट १४२४, पण मर्यादा १४२०, म्हणून १४२० पर्यंत भरतो. बाहेर १५००. मेलं. १४१० ते १४१२ चं तेच.

१४०८ वजा २८ म्हणजे १३८०. तुमची यादी परत वाचा.

तुमच्या बाजूने १४१२ जाताना असं होत नाही, कारण तुमच्याकडे मर्यादाच १४१२ आहे. भर पडत नाही, बाहेर बरोबर १४९२. म्हणून अपलोड ठीक आणि डाउनलोड ठप्प.

भिंगरी

वाह! म्हणजे क्लॅम्प बरोबर होता आणि तरी निरुपयोगी होता.

नवशिकी

हा क्लॅम्प नक्की करतो काय?

जुना_जाणता

टीसीपी कनेक्शन जुळताना दोन्ही बाजू सिन पॅकेटमध्ये सांगतात, मला एका वेळी इतकाच डेटा पाठव. तो एमएसएस. १५०० च्या इथरनेटवर आयपीव्ही४ ला १४६०, आयपीव्ही६ ला १४४०. मधला राउटर सिन जाताना तो आकडा खाली लिहितो, चेकसम दुरुस्त करतो, पुढे सोडतो. दोन्ही टोकांना वाटतं समोरच्यानेच तसं सांगितलं. नियमाने मधल्याने टीसीपीच्या हेडरला हात लावायचं काही कारण नाही, पण पीपीपीओई पसरल्यावर हा उपाय इतका रुळला की घरगुती राउटरमध्ये तो बहुतेक आधीच चालू असतो.

लक्षात ठेवायचं ते असं की क्लॅम्पने काढलेला आकडा राउटरच्या स्वतःच्या दोन बाजूंच्या रूटवरून येतो, जाण्याच्या आणि येण्याच्या, त्यातला लहान घेऊन. अख्खा मार्ग त्याने मोजलेला नसतो. दोन हॉप पलीकडे कुणी आणखी एक पाकीट चढवत असेल तर ते त्याला कसं कळणार? खटपट्यांकडे तसंच झालं: पलीकडे सर्व्हरने घातलेली भर त्याला दिसली नाही.

आणि क्लॅम्प फक्त टीसीपीला. यूडीपीला सिन नसतो.

शून्य_एक

यूडीपीवाल्यांनी आपापली सोय केली आहे. क्विकचं (यूडीपीवर चालणारा वेबचा प्रोटोकॉल) पहिलं पॅकेट असणारा डेटाग्राम किमान १२०० बाइटपर्यंत भरून पाठवतात, तुकडे होऊ देत नाहीत, १२०० मावत नसेल तर त्या मार्गावर क्विक चालतच नाही. मोठं माप हवं असेल तर स्वतःच चाचणी पॅकेट पाठवून पाहायचं, आयसीएमपी आला नाही तरी अडत नाही. डीएनएसमध्ये २०२० च्या फ्लॅग डेपासून (सगळ्यांनी मिळून बदल करायचा ठरवलेला दिवस) १२३२ हा आकडा रुळला: आयपीव्ही६ ची किमान १२८०, वजा ४०, वजा ८.

टीसीपीलाही तसं शोधता येतं. आरएफसी ४८२१ ची पद्धत लिनक्समध्ये आहे, मुळात बंद असते. पाठवणाऱ्या बाजूला चालू करावी लागते, मधल्या राउटरवर करून उपयोग नाही.

खटपट्या

निशाचर, दंडवत. सर्व्हरवाल्या टीमने टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून दिला. त्यांच्या इथरनेटवरून १५०० चं आयपीव्ही६ पॅकेट बाहेर जाताना दिसतं, आणि थोड्या थोड्या वेळाने सेवा पुरवणाऱ्याच्या राउटरकडून "पॅकेट टू बिग, १४९२" परत येताना दिसतं! मग सर्व्हर ऐकत का नाही?

तारतम्य

टीसीपीडंप आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी बघतो. दिसलं म्हणजे कर्नलला पोचलं असं नाही. त्यांच्या आत येणाऱ्या नियमांमध्ये आयसीएमपीव्ही६ बघायला सांगा.

खटपट्या

हो, फक्त पिंग आणि नेबर डिस्कव्हरीला (त्याच लिंकवरच्या शेजाऱ्यांचे पत्ते शोधणं) परवानगी होती, बाकी सगळं ड्रॉप. प्रकार २ उघडायला सांगतो. तेवढं पुरेल?

निशाचर

पुरेलच असं नाही. उघडल्यावर सर्व्हरचं कर्नल त्या पत्त्यासाठी १४९२ लक्षात ठेवेल, पण वायरगार्ड आतल्या पॅकेटवाल्याला काही सांगत नाही. बाहेरच्या १५०० चे सर्व्हरवरच दोन तुकडे होतील. आणि आयपीव्ही६ चे तुकडे वाटेत किती ठिकाणी टाकले जातात ते जुना_जाणता यांनी वर सांगितलंच आहे. म्हणून मोडलेलं दुरुस्त म्हणून प्रकार २ उघडा, आणि खरा उपाय म्हणून सर्व्हरच्या टनेल इंटरफेसचा एमटीयू १४१२ करा.

सर्व्हरवाले ऐकत नसतील तर तुमच्या एकट्याच्या हातात एक उपाय आहे: राउटरकडे १४१२ ऐवजी १४०८. मग क्लॅम्प १३६८ सांगेल, समोरून १४०८ येईल, १६ चा पट असल्याने भर पडणार नाही. पण ते टीसीपीपुरतंच.

भिंगरी

मी म्हणाले होते १२८० करा. तोही १६ चा पट आहे.

निशाचर

आहे खरा! पण प्रत्येक पॅकेटमागे १३२ बाइट सोडून द्यायचे? आतून आयपीव्ही६ जाणार असेल तर १२८० च्या खाली उतरताही येत नाही, त्यामुळे तिथे मग काही उरतच नाही. वरून आणखी एक टनेल चढवायची वेळ आली तर हात बांधलेले.

पहारा

एक शंका. मी आमच्या राउटरवर टीसीपीडंप लावला तर २८०० च्या वरची पॅकेट दिसतात. एमटीयू १५०० असताना? तीसुद्धा बिनबोभाट पुढे जातात.

तारतम्य

ती जीआरओने एकत्र केलेली आहेत. एकाच कनेक्शनची लागोपाठ आलेली पॅकेट कर्नल एका मोठ्या गठ्ठ्यात घेतो, म्हणजे रूट शोधणं, फायरवॉलचे नियम वगैरे एकदाच करावं लागतं. बाहेर सोडताना मूळ मापाने वेगळी करतो. एमटीयू तपासताना गठ्ठ्याची लांबी बघत नाही, आतला एकेक सेगमेंट मावतो का ते बघतो. नेटवर्क कार्डातला एलआरओ (पॅकेट एकत्र करायची तशीच सोय) मात्र मूळ सीमा पुसून टाकतो, म्हणून फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स तो बंद करतो. तारेवर नेमकं काय गेलं ते बघायचं असेल तर वेगळ्या यंत्रावरून, मिरर पोर्टला लावून बघा.

जुना_जाणता

आणि ब्रिजवर यातलं काहीच लागू नाही हेही कुणीतरी लिहून ठेवा. स्विच किंवा ब्रिज दुसऱ्या थरावर चालतो. एका पोर्टला ९००० ची जंबो फ्रेम आणि दुसऱ्याला १५०० असं असलं तर मोठी फ्रेम तिथे नुसती पडते. तुकडे करायला आयपी नाही, आयसीएमपी पाठवायलाही कुणी नाही. एका ब्रॉडकास्ट डोमेनमध्ये सगळ्यांचा एमटीयू एकच हवा.

खटपट्या

सर्व्हरवर १४१२ झालं, प्रकार २ उघडला. आता १३८४ पर्यंत उत्तर येतं, १३८५ ला राउटरची एरर, मधे खड्डा नाही. लॉग फाइल सर्रकन उघडते.

क्लॅम्प आता काढू का?

निशाचर

राहू द्या. लॅनमधल्या मशीन १४६० सांगत राहणार. क्लॅम्प नसेल तर पलीकडून १५०० चं पॅकेट येईल, सर्व्हर ते टनेलमध्ये घालायला नकार देऊन आयसीएमपी पाठवेल, आणि ती चिठ्ठी मूळ वेबसाइटपर्यंत पोचेल की नाही हे ना तुमच्या हातात, ना सर्व्हरवाल्यांच्या. फक्त आयपीव्ही६ साठीचा नियम वेगळा लिहिलाय ना ते तपासा. तिथे १४१२ वजा ६०, १३५२ दिसायला हवा.

खटपट्या

नव्हता लिहिलेला. आत्ता टाकला, १३५२ दिसतोय.